पिट्सबर्ग ते कंबरलँड, जुन्या रेल्वेमार्गावरून: सायकलने चार दिवस, पायी एक दिवस

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पिट्सबर्ग माहीत असतं, निदान तिथल्या वेंकटेश्वराच्या देवळामुळे तरी. त्याच शहरातल्या नद्यांच्या संगमावरून एक वाट निघते आणि मोटारींच्या रस्त्याशी फारसा संबंध न येता १५० मैलांवरच्या, म्हणजे साधारण २४१ किलोमीटरवरच्या, मेरीलँडमधल्या कंबरलँडला पोचते. ग्रेट ॲलेगेनी पॅसेज हे तिचं नाव. बोलताना सगळे ‘गॅप’ म्हणतात. तिकीट नाही, परवाना नाही. सायकल धड असेल आणि अंगात थोडा सराव असेल, तर पहिल्याच लांब प्रवासासाठी ही वाट निवडायला हरकत नाही.

ही वाट दोन जुन्या रेल्वे कंपन्यांच्या मार्गावर बेतलेली आहे. कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल हा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा मार्ग १९१२ मध्ये पुरा झाला आणि १९७५ मध्ये बंद पडला. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीचा मार्ग त्याला जवळजवळ समांतर होता. दोन्ही एकाच समूहाच्या हाती आल्यावर दोन मार्ग पोसण्याचं कारण उरलं नाही. तो दुसरा मार्ग आजही चालू आहे आणि रात्रभर त्यावरून मालगाड्या जातात, म्हणून तंबूत झोपणार असाल तर कानात घालायचे बोळे सोबत हवेतच. कॉनेल्सव्हिलपासून पिट्सबर्गच्या बाजूचा बराचसा भाग पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेचा. वाटेचा पहिला तुकडा ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स, १९८६ मध्ये खुला झाला. पिट्सबर्गच्या संगमापर्यंतचा शेवटचा तुकडा जोडायला २०१३ साल उजाडलं.

रूळ गेले, चढ रेल्वेचाच राहिला

सगळी तयारी ज्या एका गोष्टीवर ठरते ती आधी समजून घ्या. पोलादी चाक पोलादी रुळावर फारसं धरून राहत नाही, त्यामुळे रेल्वे तीव्र चढ चढू शकत नाही. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. गॅपवर पिट्सबर्गकडून वर जाताना सरासरी साधारण ४०० मीटरला १ मीटर एवढाच चढ आहे. कंबरलँडकडून मात्र २४ मैलांत ५४५ मीटर चढायचं असतं, म्हणजे सुमारे ७० मीटरला १ मीटर.

आकडे वाचून वाटतं, हे तर सोपं आहे. सोपं आहेच, पण त्याची मेख वेगळी आहे. साध्या रस्त्यावर चढ संपला की उतार येतो, पाय थांबतात, माणूस सीटवरून उठतो, पाठ मोकळी होते. इथे दोन-दोन तास पॅडल एकाच लयीत मारत राहावं लागतं. त्यामुळे घरापासून दहा किलोमीटरच्या फेरीत जी चूक जाणवतही नाही, ती इथे तिसऱ्या तासाला गुडघ्यात उतरते. सीट दोन सेंटीमीटर खाली राहिली असेल, तर पहिल्या दिवशी संध्याकाळी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. जास्त वर असेल तर गुडघ्याच्या मागे.

सीटची उंची ठरवायची साधी रीत: भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय पूर्ण सरळ झाला, पण कंबर त्या बाजूला कलली नाही, म्हणजे उंची बरोबर. चालवताना चवडा पॅडलवर येतो, तेव्हा गुडघ्याला हवा तेवढा वाक आपोआप मिळतो. सीटचं टोक खाली झुकवू नका. बसायला बरं वाटतं, पण अंगाचा भार मनगटांवर जातो आणि दुसऱ्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. तरीही मुंग्या आल्याच, तर दर पंधरा मिनिटांनी हँडलवरची पकड बदला. गादीचे हातमोजे उपयोगी पडतात.

गिअर वाटतो त्यापेक्षा एक-दोन हलका ठेवा. पाय मिनिटाला ७५-८० वेळा फिरले पाहिजेत. सकाळी ताजेतवाने असताना जड गिअर रेटला की दुपारी मांड्या उत्तर देतात.

सायकल आणि टायर

वाटेचा पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी दाबून बसवलेल्या चुनखडीच्या चुऱ्याचा आहे. पिट्सबर्ग ते मॅकीस्पोर्ट आणि काही गावांतून डांबर किंवा काँक्रीट. रस्त्यावरच्या शर्यतीची बारीक टायरची सायकल चुऱ्यात रुतते. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर सगळ्यात चांगले. साधी हायब्रिड सायकल पुरते, शॉक-अब्सॉर्बर लागत नाहीत. हवा ठासून भरू नका: ७० किलोच्या माणसाला, मागे दहा किलो सामान असेल तर, ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ३५ आणि मागे ४० ते ४५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. हवा जास्त झाली की बारीक खडबड थेट हाडात जाते. कमी झाली, तर रस्ता ओलांडताना डांबराच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडलेली दिसतात. तशी जोडभोकं दिसली, तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

सोबत दोन ट्यूब, पंक्चरच्या पट्ट्या, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप, घडीचा पाना, चेनची जोडकडी, सात-आठ प्लॅस्टिकचे बंद आणि ब्रेक पॅडची एक जोडी घ्या. ब्रेक पॅड कशाला, असं वाटेल. पावसात चुनखडीचा चुरा पॅडवर पॉलिश पेपरसारखा काम करतो आणि एका ओल्या दिवसात पॅड अर्धे झिजतात.

चेनचं दुखणंही तेच. पाऊस पडला की चुरा पाण्यात कालवला जाऊन पांढऱ्या खळीसारखा चेनवर बसतो. ओला असताना नुसती करकर ऐकू येते; रात्री वाळला की सकाळी प्रत्येक कडी ताठ झालेली असते आणि गिअर उड्या मारायला लागतात. म्हणून मुक्कामी पोचल्यावर अंघोळीआधी चेन. बाटलीभर साधं पाणी वरून सोडा, पॅडल उलटं फिरवा, जुन्या बनियनच्या तुकड्यात चेन धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत पुसा, मग दर कडीला एक थेंब तेल. पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा, कारण बाहेर राहिलेलं तेल दुसऱ्या दिवशीची धूळ गोळा करतं. दाबाच्या पाण्याचा फवारा वापरू नका. तो चाकांच्या आणि पॅडलच्या बेअरिंगमध्ये चुरा ढकलतो.

बॅटरीची सायकल चालते, पण पॅडल मारल्यावरच मदत करणारी, थ्रॉटल नसलेली. तिची अडचण चढापेक्षा चार्जिंगची असते: मुक्कामाच्या ठिकाणी सायकल आत घेऊ देतात का, हे खोली ठरवतानाच विचारा.

कोणत्या बाजूने निघावं

मैलाचे खांब कंबरलँडला ० आणि पिट्सबर्गला १५० असे मोजलेले आहेत. आमचं मत पिट्सबर्गहून निघण्याच्या बाजूचं. पहिले दोन दिवस नदीकाठची जवळजवळ सपाट वाट मिळते, शरीर आणि सामान दोन्ही बसतं, आणि सगळ्या मेहनतीचं फळ शेवटच्या २४ मैलांच्या सलग उतारावर मिळतं. ज्यांना चढ ताज्या पायांनी पहिल्याच दिवशी संपवायचा आहे, त्यांनी कंबरलँडहून निघावं. मात्र पहिल्या दिवशी ३२ मैलांवरच्या मायर्सडेलच्या पुढचा बेत आखू नये.

पिट्सबर्गहून चार दिवसांची सरळ विभागणी: वेस्ट न्यूटनपर्यंत ३६ मैल, ओहायोपाइलपर्यंत ४२, मायर्सडेलपर्यंत ४०, आणि कंबरलँडपर्यंत ३२. नवख्या माणसाचा वेग ताशी १५ किलोमीटर धरा. म्हणजे ४२ मैलांच्या दिवशी साडेचार तास सायकलवर आणि दोन-अडीच तास खाण्यात, थांबण्यात, बघण्यात. सकाळी आठला निघालात तर दुपारी चारपर्यंत आरामात पोचता.

वाटेवर काय बघावं, कुठे थांबावं

निघताना पॉइंट स्टेट पार्कच्या कारंज्यापाशी चाक टेकवा. ॲलेगेनी आणि मनॉन्गहीला इथे मिळतात आणि पुढे ओहायो नदी होते. काही मैलांत नदी ओलांडायला लागणारा पूल ‘हॉट मेटल ब्रिज’ या नावाचा. एका काठावरच्या झोतभट्ट्यांतलं वितळलेलं लोखंड या पुलावरून पलीकडच्या कारखान्यात नेत असत. होमस्टेडला पोलाद कारखाना गेला आणि दुकानं आली, पण विटांच्या जुन्या धुरांड्यांची रांग अजून उभी आहे. याच कारखान्यात १८९२ मध्ये कामगार आणि कंपनीने आणलेले बंदूकधारी पहारेकरी यांच्यात रक्तरंजित चकमक झाली.

मॅकीस्पोर्टपासून साथ यॉकागेनी नदीची. नावाचं स्पेलिंग बघून घाबरू नका, स्थानिक लोक नुसतं ‘यॉक’ म्हणतात. वेस्ट न्यूटन ते कॉनेल्सव्हिल या २५ मैलांत दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, वाटेच्या कडेला उतरणारा तांबडा ओहोळ: बंद खाणींतलं पाणी लोह घेऊन बाहेर येतं आणि दगडांवर गंज चढवतं. तिथलं पाणी बाटलीत भरू नका, गाळणी असली तरी नाही. गाळणी जंतू अडवते, विरघळलेली खनिजं आणि आम्ल अडवत नाही. दुसरी, व्हॅन मीटर इथली डार खाणीची खूण. १९ डिसेंबर १९०७ रोजी इथल्या स्फोटात २३९ माणसं गेली. दोन मिनिटं सायकल उभी करावी अशी जागा आहे. कॉनेल्सव्हिलच्या परिसरातल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या विटांच्या भट्ट्यांत कोळशाचा कोक होई आणि तो कोक पिट्सबर्गच्या झोतभट्ट्यांत जाई. ही रेल्वे कशासाठी होती, ते एवढ्या भागात उलगडतं.

कॉनेल्सव्हिल ते ओहायोपाइल ही १७ मैल सलग जंगलातली वाट. मध्ये दुकान नाही, म्हणून बाटल्या कॉनेल्सव्हिललाच भरा. ओहायोपाइलला शक्य असेल तर अर्धा दिवस जास्त द्या: धबधबा गावातच आहे आणि जुन्या रेल्वेचे दोन पूल नदीला दोनदा ओलांडतात. पुढे कॉन्फ्लुअन्स ते रॉकवुड या १८ मैलांतही खाण्याची सोय धरू नका. मोबाइलला रेंज मिळेल, हेही धरू नका. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक कागदावरही घ्या.

मायर्सडेलच्या अलीकडे सॅलिसबरी व्हायाडक्ट लागतो: ५८२ मीटर लांब, कॅसलमन नदी, हमरस्ता आणि चालू रेल्वेमार्ग या सगळ्यांवरून जाणारा. वारा आडवा असेल तर भरलेल्या पिशव्यांची सायकल ढकलली जाते. अशा वेळी खाली उतरून चाला.

मायर्सडेलच्या पुढे आठ मैलांवर ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, ७२९ मीटर, वाटेतलं सर्वांत उंच ठिकाण. रस्त्याखालच्या छोट्या भुयारात भिंतीवर सगळ्या वाटेच्या चढउताराचा आलेख काढलेला आहे. इथे पडणाऱ्या पावसाचं पाणी एका बाजूला ओहायो-मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला जातं आणि दुसऱ्या बाजूला पोटोमॅकमार्गे चेसापीकच्या उपसागराला.

बोगदे आणि शेवटचा उतार

डिव्हाइड ओलांडल्यावर बिग सॅव्हेज बोगदा, जवळपास एक किलोमीटर लांब. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तो दारं लावून बंद ठेवतात, कारण आत झिरपणारं पाणी गोठलं की अस्तर फोडतं. बंद असताना वळसा अवघड रस्त्यांवरून आहे, त्यामुळे त्या काळात पूर्ण प्रवासाचा बेत करूच नका. बोगद्यात दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा पुढे-मागे लावा. पुढचा बोर्डन बोगदा अंधाराच असतो.

बोगद्यात पडण्याचं मुख्य कारण म्हणजे डोळ्यांवरचा गॉगल. ऊन्हातून आत शिरल्यावर पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही आणि नेमकी तिथेच जमीन ओली असते. तोंडाशी थांबा, गॉगल काढा, दिवा लावा, विंडचीटर चढवा, मग निघा. विंडचीटर तिथेच घालायचं कारण असं की पलीकडे लगेच उतार सुरू होतो. घामाने भिजलेल्या अंगाला गार वारा लागतो आणि बोटं ब्रेक दाबेनाशी होतात.

बोगद्याच्या दक्षिण तोंडापाशी डोंगररांगांचा मोठा पट्टा समोर उघडतो. थोडं खाली मेसन-डिक्सन रेषेची खूण आहे: १७६३ ते १७६७ मध्ये मोजलेली पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची हद्द. पुढच्या उतारावर ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ नका. पायी माणसं वर येत असतात, आणि रस्ता ओलांडण्याच्या जागी वाटेच्या मधोमध खांब उभा असतो. मागून येणाऱ्याला पुढच्याच्या पाठीमुळे तो दिसत नाही, म्हणून पुढच्याने मोठ्याने ‘खांब’ म्हणून सांगायची सवय ठेवा. फ्रॉस्टबर्गपासून खाली वेस्टर्न मेरीलँड सीनिक रेल्वेचा चालू रूळ शेजारून धावतो, ब्रश बोगद्यात तर वाट आणि रूळ एकत्रच आहेत. गाडीचा आवाज आला की बोगद्याबाहेर थांबा.

भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी खास सूचना: इथे उजवीकडून चालायचं असतं. नेहमी लक्षात राहतं, पण मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ अशी हाक आली की दचकून माणूस जुन्या सवयीने डावीकडेच सरकतो, म्हणजे येणाऱ्याच्या थेट पुढ्यात. त्या हाकेचा अर्थ ‘मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय’ एवढाच. जागचे हलू नका, सरळ चालवत राहा.

खाणं, पाणी, किडे

तासाला अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात पाऊण. सायकलवर ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि सामानात एक लिटर जादा. एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ घाला. छोट्या गावांत शाकाहारी माणसाला बहुधा पिझ्झा, अंडी, बटाट्याचे तळलेले काप यांवर भागवावं लागतं, आणि काही हॉटेलं आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतात. म्हणून घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. पुऱ्या नीट निवल्यावर कागदात गुंडाळून डब्यात भरा. गरम भरल्या तर घाम धरून दुसऱ्या दिवशी आंबूस होतात. नीट भरल्या तर दोन-तीन दिवस टिकतात. दर पाऊण तासाला एक पुरी किंवा चिक्कीचा तुकडा. भूक लागेपर्यंत थांबू नका, तेव्हा उशीर झालेला असतो.

वाटेच्या कडेला तीन-तीन पानांच्या झुपक्याची पॉइझन आयव्ही भरपूर. आपल्याकडे खाजकुइली लागली की लगेच कळतं, ही मात्र एक-दोन दिवसांनी फोड आणते. लघवीला झाडीत शिरताना हेच लक्षात ठेवा. पान लागल्याची शंका आली तर शक्य तितक्या लवकर साबण आणि गार पाण्याने धुवा. रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेला, मोज्यांच्या कडेला गोचीड तपासा. सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं असले उपाय करू नका.

मे मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ उत्तम. पानांचे रंग साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बहरात असतात, तेव्हा खोल्या फार आधी ठरवाव्या लागतात. नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो. त्या दिवसांत भडक नारिंगी जाकीट घाला.

पायी जायचं असेल तर

सगळी १५० मैल चालणं हे दहा-बारा दिवसांचं काम, आणि सपाट कडक वाटेवर पावलं दुखतात, कारण प्रत्येक पाऊल एकाच कोनात पडतं. जाड डोंगरी बुटांपेक्षा मऊ तळव्याचे पळायचे बूट बरे. एका दिवसासाठी तीन जागा: ओहायोपाइलमधले दोन्ही पूल, लहान मुलांना घेऊन, मायर्सडेल स्टेशनपासून सॅलिसबरी व्हायाडक्टपर्यंत दोन मैल जाऊन परत, आणि डील इथे गाडी ठेवून डिव्हाइड, मग बिग सॅव्हेज बोगदा, पलीकडचं दृश्य बघून परत. तिसरी अर्ध्या दिवसाची आणि सगळ्यात सुंदर. बोगद्यासाठी बॅटरी आणि स्वेटर जुलैमध्येही न्या.

परतीची गाडी

ॲमट्रॅकची ‘फ्लोरिडियन’ दिवसातून एकदा प्रत्येक दिशेने पिट्सबर्ग, कॉनेल्सव्हिल आणि कंबरलँडला थांबते. सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्याच असतात, म्हणून आधी सायकलची जागा बघा, मग खोल्या ठरवा. सायकल तशीच उभी नेता येते, पण सामानाच्या डब्याच्या दारापर्यंत ती तुम्हीच उचलून द्यायची असते. पिशव्या, बाटल्या, पंप आधीच काढून ठेवा. पिट्सबर्गकडची गाडी कंबरलँडला संध्याकाळी येते आणि पिट्सबर्गला रात्री उशिरा पोचते. शेवटच्या दिवशी मायर्सडेलहून सकाळी आठला निघालात तर दुपारी दोनच्या आत खाली असता, चेन धुऊन पुसायला आणि पोटभर जेवायला वेळ उरतो.